पूजेपुरता उतर

"ए, उतर. पूजेपुरता उतर."

मालक हे म्हणाला तेव्हा मी गाडीत बसलो होतो. दोन्ही हात स्टेअरिंगवर. अंगात इस्तरीचा खाकी शर्ट. मान जरा पुढं काढलेली, कपाळ खिडकीकडं. खोटं कशाला सांगू, मला टिळा हवा होता. त्यासाठीच मी सकाळपासून तिथं होतो.

दसऱ्याचा दिवस. लकडगंजात मालकाचं ट्रान्सपोर्टचं आवार होतं. सात ट्रक धुऊन ओळीनं उभे केलेले. आवारातली रीत अशी, की ज्याची गाडी तो आत बसतो. मालक आधी गाडीच्या कपाळाला हळदकुंकू लावतो, मग ड्रायव्हरच्या. मग ड्रायव्हरच्या हातात नारळ आणि नवा टॉवेल. मग ड्रायव्हर गाडी हातभर पुढं घेतो, चाकाखाली लिंबू फुटतं आणि सगळे मिळून पेढे खातात.

दोन वर्षं मी लक्ष्मी चालवत होतो. लक्ष्मी म्हणजे मालकाची सगळ्यात नवी गाडी. काचेच्या वर लाल अक्षरात तिचं नाव रंगवलेलं होतं. आदल्या दसऱ्याला मी रायपूरच्या वाटेवर होतो, म्हणून यंदा पहिल्यांदाच आवारात सापडलो. पहाटे उठून तिला मीच धुतली. झेंडूचे तीन हार मीच ओवले. एक समोरच्या जाळीला, एक आरशाला, एक स्टेअरिंगला.

आणि मालक म्हणाला, उतर.

मी उतरलो. काहून, असं विचारलं नाही. चावी तशीच गाडीला ठेवली. दोन पावलं मागं सरलो. मालकानं हातानंच अजून मागं होण्याची खूण केली, अजून सरलो. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबलो.

मालकानं गणपतरावाला हाक मारली. गणपतराव म्हातारा ड्रायव्हर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षं त्यानं गाडी रस्त्यावर काढली नव्हती, फाटकाशी बसून असायचा. पायरी चाचपत तो लक्ष्मीत चढला. माझ्या जागेवर बसला. मालकानं त्याच्या कपाळाला टिळा लावला. त्यानं गाडी पुढं घेतली आणि चाक लिंबाच्या बाजूनं निघून गेलं. मालकानं लिंबू उचलून पुन्हा चाकापुढं ठेवलं. दुसऱ्यांदाही हुकलं. तिसऱ्यांदा फुटलं. सगळे हसले.

मीही हसलो. त्या सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त लाज त्या हसण्याची वाटते.

गणपतराव उतरला, काखेत नारळ आणि खांद्यावर नवा टॉवेल घेऊन. मालक हात पुसत माझ्याकडं वळला.

"झालं. चढ आता."

आता एक गोष्ट सांगतो, लोक हसतात तिला. मला त्या ट्रकचा हेवा वाटायचा. माणसाला माणसाचा हेवा वाटतो, मला लोखंडाचा वाटायचा. लक्ष्मी फेरी करून आली की मालक चपला न घालता बाहेर यायचा. तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि म्हणायचा, "गरम हाय. तिले उभी राहू दे. तू दुसरी काढ."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला हिशेब नाही. लक्ष्मीला दोन दिवस आराम. तिचं ऑइल बदलायचं, स्प्रिंगांना ग्रीस लावायचं, वरून ताडपत्री टाकायची. आणि मी, जो तिच्याच पोटात बसून तीन दिवसांची वाट तुडवून आलो, तो तोंडही न धुता दुसऱ्या गाडीवर. गाड्या सात आणि ड्रायव्हर चार. मग गाडी निजायची आणि ड्रायव्हर फिरायचा. माझे पाय सुजायचे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. माझ्या कपाळावर हात ठेवून कोणी पाहिलं नाही की गरम हाय का.

आवारात आतल्या अंगाला नळ होता. त्या नळाखाली पितळेची बादली. रेडिएटरमध्ये पाणी त्याच बादलीनं घालायचं, कारण डब्यातलं पाणी गढूळ असतं, इंजिनाला बाधतं. ती बादली मी गाडीला लावू शकत होतो, स्वतःच्या तोंडाला नाही. मला प्यायला फाटकाजवळचा ऑइलचा जुना डबा होता. बादली रिकामी करताना मी रेडिएटरच्या तोंडाकडं बघत राहायचो. कसं गटगट प्यायचं ते. जळायचो मी.

तुम्ही म्हणाल, मग सोडायचं होतं काम. सांगतो. ड्रायव्हर मिळत नव्हते म्हणून तर मला लक्ष्मी मिळाली होती. ज्याला जमलं तो एसटीत लागला, सरकारी जीपवर लागला. दिवस-दिवस घर न दिसणारी ही नोकरी कोण करणार? त्यात यंदा दुष्काळाचं साल. गोदामात धान्य येऊन पडलेलं आणि गावोगावच्या रेशन दुकानांना कुलूप, कारण धान्य न्यायला गाडी आहे पण गाडीवर माणूस नाही. ड्रायव्हरांच्या टंचाईत मालकानं मला कामाला घेताना जात विचारली नाही. म्हणजे त्याला ठाऊक होती, पण बोलला नाही. मला वाटलं, चला, इथं आपण चालतो. मग दसऱ्याला कळलं की माझे हात चालतात, कपाळ चालत नाही.

मी चढलो.

हो, चढलो. लक्ष्मी आदल्या दिवसापासून भरून उभी होती. लाल मिलो. परदेशातली ती लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. माल पारशिवनीकडच्या दुकानांचा. बारा दिवस तिकडं दाणा पोचला नव्हता. बाकीचे तिन्ही ड्रायव्हर पूजा उरकताच सणासाठी आपापल्या गावी निघालेले. मालकाला हे सगळं ठाऊक होतं. मी खाली उभा राहून त्याच्याकडं बघतोय म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुह्याच गावाकडचा माल हाय. तुही मायही लाइनीत उभी असंन."

तो खरंच बोलत होता. माय पारशिवनीलाच राहत होती.

नागपूर सोडलं, कामठी मागं पडली आणि समोरून माणसं येताना दिसू लागली. पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर भाकरीची गाठोडी. पायी, बैलगाडीत, ट्रकमध्ये दाटीनं उभी राहून. सगळी दीक्षाभूमीकडं निघालेली. सगळा रस्ता नागपूरच्या दिशेनं वाहत होता आणि मी एकटा उलटा जात होतो. त्या दिवशी मीही तिथंच असायला हवं होतं. दरसाल जायचो, कामावर नसलो की. यंदा कामावर नव्हतो, सकाळ मोकळी होती, आणि मी ती झेंडू ओवण्यात घालवली.

मी खिडकीतून हात काढला. "जय भीम."

कोणी उत्तर दिलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. गाडी हळू केली, पुन्हा म्हटलं, "जय भीम, गा."

एक म्हातारा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. गाडीकडं पाहिलं. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, जाळीला झेंडूचा हार, वर लक्ष्मी. मग त्यानं शेजारच्या बाईचा हात धरला आणि तिला रस्त्याच्या कडेला घेतलं. त्याला वाटलं मी टिंगल करतोय.

मालकाच्या 'उतर'नं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. तिकडं मला बाहेरचा म्हणून उतरवलं. इकडं माझेच लोक मला मालकाच्या लोकांतला समजले. दोन्हीकडं मी नव्हतो.

कन्हानच्या पुलाच्या अलीकडं गाडी कडेला घेतली. छप्पन साली माझ्या बापानं इथंच देव सोडले होते. मी आठ वर्षांचा, त्याचं बोट धरून होतो. पारशिवनीहून पायी निघालो होतो आम्ही. बापानं फडक्यातून टाक काढले, पाण्यात सोडले, हात झटकले आणि मागं वळून न बघता चालू लागला. मी मात्र वळून पाहिलं होतं. चांदीचे होते, चमकत होते, मला ते हवे होते. मनात आलं, आपण अजूनही वळूनच बघतोय. बाप सोडून गेला ते आपण मालकाच्या थाळीत शोधतोय. नुसता हेवा. त्याचा टिळा, त्याचा नारळ, त्याचा टॉवेल, त्याच्या गाडीचं कपाळ. ज्याला आपण नाही म्हटलं तेच आपल्याला दिलं नाही म्हणून आपण भिंतीला पाठ लावून रडवेले झालो.

मी तिन्ही हार काढले. गाडीतल्या डब्यातलं पाणी घेऊन काच धुतली. कुंकू सुटायला वेळ लागला, बोटांनी घासावं लागलं. नाव मात्र रंगाचं होतं, ते निघालं नाही.

पारशिवनीला दुकानापुढं लाइन होती. माय तिच्यातच, पिशवी उराशी धरून. हमालांनी पोती उतरवायला घेतली तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"काहून बापू, तू आज इकडं? दीक्षाभूमीवर नाही गेला?"

"माल आणला, माय."

"अन् हात काहून पिवळे हायेत?"

मी हात मागं नेले. "हार केले झेंडूचे."

"कोणासाठी?"

"गाडीसाठी."

मायनं पोत्यांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, लाइनीतल्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून, "तुह्या बापानं देव सोडले तवा घरात दाणा नव्हता. तू त ट्रकभर दाणा घेऊन आला, तरी हार ओवतो."

एवढंच. पुन्हा लाइनीत जाऊन उभी राहिली. तिच्या नंबरावर तिला तिचा मिलो मिळाला. मी तिला सोडून येतो म्हटलं तर म्हणाली, या गाडीत नाही बसत.

परतीला दुपार कलली होती. आवाराचं फाटक अरुंद होतं, एका वेळी एकच ट्रक जायचा. आत संत्र्यांनी भरलेली दुसरी गाडी तोंड फाटकाकडं करून उभी. दिल्लीचा माल. मी लक्ष्मी फाटकात घेतली तसा मालक बाहेर आला. चपला न घालता. तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला. हार कुठं गेले ते पाहिलं, काच पाहिली, तोंड वाकडं केलं. पण घाई संत्र्यांची होती.

"गरम हाय. तिले मागं लाव, उभी राहू दे. अन् तू ही दुसरी काढ, लगेच निघ."

मी तिला मागं लावली नाही. फाटकातच इंजिन बंद केलं. चावी काढली. खाली उतरलो.

"तिथं काहून उभी केली?"

"तुम्ही म्हटलं, उभी राहू द्या."

"चावी दे इकडं."

"चावी उद्या. आज मीही गरम हाय, मालक."

 मालकानं गणपतरावाकडं पाहिलं. गणपतराव फाटकाशी बसलेला, कपाळावर वाळलेला टिळा. त्याला दिसलं नसेल, पण ऐकू आलं होतं. तो उठला नाही. लक्ष्मी हलल्याशिवाय एकही गाडी बाहेर निघणार नव्हती, आणि लक्ष्मीची चावी माझ्या खिशात होती.

"संत्रे सडतीन ना गा," मालक म्हणाला. पहिल्यांदाच मला, बरोबरीच्या माणसाला म्हणतात तसं, गा म्हणाला.

मी त्या नळाजवळ गेलो. पितळेची बादली भरली, उचलली आणि तोंडाला लावली. गटगट. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. मग बादली जागेवर ठेवली आणि चालत दीक्षाभूमीकडं निघालो. पिवळे हात, ओला शर्ट. गर्दीत शिरलो तेव्हा कोणीतरी जय भीम म्हणालं आणि मी तेच हात जोडून जय भीम म्हटलं.

दुसऱ्या सकाळी चावी नेऊन दिली. मालकानं मला काढून टाकलं. मी ते धरूनच चाललो होतो.

आठवड्यानं गणपतराव आमच्या वस्तीत आला, एका माणसाच्या खांद्याला धरून. म्हणाला, "मालकानं बोलावलं. गाड्या उभ्या हायेत. ड्रायव्हर नाही. बादलीचंही काही म्हणत नाही तो."

मी विचारलं, "अन् पूजेच्या दिवशी?"

गणपतरावानं मान खाली घातली. "त्या दिवसापुरतं त चालवून घ्यावं लागते गा."

"मग उभ्याच राहू द्या."

त्यानंतर मी दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. धान्य नेलं, संत्री नेली, कोळसा नेला. मालक कोणीही असो, पहिल्या दिवशी सांगून ठेवतो की फेरी झाली की जेवढा आराम गाडीला तेवढा मला. काही जण हसून घालवतात, तिथं मी राहत नाही. हेवा माझा संपला असं नाही. बॉनेटवर हात ठेवणारा माणूस दिसला की अजून आत जळतं. जळू देतो. त्यानंच मी जागा राहतो.

उतर म्हणणारे अजून भेटतात. कोणी म्हटलं की मी उतरतो, वाद घालत नाही. पण आता चावी काढून घेऊन उतरतो. पुन्हा चढायचं की नाही ते खाली उभा राहून मी ठरवतो, आणि तोवर गाडी जागची हलत नाही.