विजेचे दोन खांब

दिवाळी झाली आणि एका सकाळी मला अंगणासमोरच्या विजेच्या खांबाचे दोन दिसले. डोळे धुतले, तरी दोनच. जवळचं बराबर दिसायचं, हातातली भाकर एकच होती. लांबचं मात्र दोन. डावा डोळा झाकला की सगळं एक. मग डाव्या डोळ्यावर पदर ओढून घेतला आणि कामाला लागले.

कोणाला सांगितलं नाही. मला बोलायचाच संकोच. पदर ओढलेल्या बाईकडं आमच्या गावात कोणी वळून पाहत नाही. शेजारीण तेवढी म्हणाली, "काहून गं बाई, दुसऱ्यांदा नवरी झालीस का?" मी हसून आत गेले.

नातीला अंगणवाडीतून आणायचं काम माझं. मध्ये डांबरी रस्ता. एक दिवस रस्ता ओलांडताना तिनं खेळता खेळता माझ्या डोळ्यावरचा पदर खाली ओढला. समोरून मोटारसायकल येत होती, तिच्या दोन झाल्या. खरी कोणती ते कळेना. लेकराचा हात धरून मी मधोमध उभी. गाडीवाला ओरडत बाजूनं गेला. सून दारातून पाहत होती.

"आत्याबाई, काय झालं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई कसं? चार दिवस झाले, घरातबी पदर. कोणाला लाजून राहिल्या, मला?"

तेव्हा सांगितलं. ती रागावली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लेकराला तीच आणू लागली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनं मला हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बोट धरलं. "मान हलवू नका. नुसत्या डोळ्यांनी बोटाकडं बघा." परक्या पुरुषासमोर मी जन्मभर नजर खाली ठेवलेली. बोट हललं की माझे डोळे जमिनीवर.

"मावशी, फरशी नंतर बघा," ते म्हणाले. सून फसकन हसली. मग त्यांनी तिलाच बोट धरायला लावलं आणि स्वतः बाजूला बसून पाहिलं. उजवा डोळा दोन्हीकडं गेला. डावा डावीकडं जाताना मध्येच अडकला.

ते म्हणाले, एका डोळ्याला ओढणारे सहा स्नायू असतात. कानाच्या बाजूला ओढणारा एक, त्याची नस दुबळी झाली आहे. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. ती आटोक्यात ठेवली तर दोन-तीन महिन्यांत नस बहुतेक भरून येते. तोवर पदर राहू द्या, पट्टीचं काम तोच करतो.

"आन् न्हाई आली भरून तर?" मी खाली बघूनच विचारलं.

"मग पुढचं बघू."

घरी गोळ्या आणि बिनसाखरेचा चहा सुरू झाला. रोज सकाळी पदर बाजूला करून मी खांब पाहायची. सुरुवातीला दोन खांबांच्या मधून म्हैस गेली असती. महिन्यानं वासरू. सून चुलीपासून विचारायची, "आज काय जाईल?"

"कोंबडी." तेव्हा संक्रांत आली होती. तीळगूळ मी नुसता वाटला.

मग एक दिवस तिनं विचारलं आणि मी बराच वेळ पाहत राहिले.

"काही जात न्हाई," मी म्हणाले.

ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. माझ्यासमोर आपलं बोट धरलं आणि ते डावीकडं नेलं, पार कानापर्यंत. माझे दोन्ही डोळे निरखून पाहिले. परत नेलं, परत पाहिलं.

"आज तुमीच आणा लेकराला," ती म्हणाली आणि भाकर करपेल म्हणून आत पळाली.

पदर डोक्यावर नीट घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. डावीकडून एक मोटारसायकल आली. एकच होती. ती जाऊ दिली, आणि मग पलीकडं गेले.