रावदना आणि दम गेलेली स्कूटर

रावदनाशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून यावं, असं नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या काउतोकेइनो गावात म्हणतात. गुडघा मोडून तिचं रेनडिअरच्या कळपामागे धावणं सुटलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता ही बाई चुलीपाशी बसून मोजे विणील. तिने नदीकाठी पत्र्याची शेड ठोकली आणि गावभरच्या स्कूटर उघडायला घेतल्या. बर्फावर पळणारी, खाली रबरी पट्टा असलेली ही गाडी. इथे तिला सगळे स्कूटरच म्हणतात. "बायकांना काय कळतंय इंजिनातलं?" असं म्हणणारेच आता तिच्या दाराशी ताटकळत उभे असतात, आणि ती त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवते.

त्या वसंतात तिचा भाऊ इस्सात आपल्या मुलीची, सुन्नाची, स्कूटर ओढत घेऊन आला. सुन्ना मागोमाग होतीच. इस्सातची पाठ कामातून गेलेली, म्हणून या वर्षी रेनडिअरचा कळप समुद्राकडे नेताना पुढे सुन्ना राहणार होती. पहिल्यांदाच. गाभण माद्यांची चुळबुळ सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, बर्फ कडक असतानाच निघायचं होतं. आणि स्कूटर तर चढ दिसला की मान टाकत होती.

"इंजिन मेलंय," इस्सात म्हणाला. "दाब मोजला मी. दोन्ही सिलिंडरचा कमी. उद्या शेजारच्या हेआइकाला सांगतो पुढे व्हायला. पोरगी येईल मागून."

सुन्नाचा चेहरा एवढासा झाला.

"मोजताना रेस पूर्ण दाबून धरली होतीस?" रावदनाने विचारलं.

"नाही. का?"

"का म्हणे! मग आत हवा जाणार कुठून, तुझ्या डोक्यातून? भरपूर आहे तिथे. हो बाजूला."

तिने सुरू करायची दोरी हळूच ओढली. नको तेवढी हलकी लागली. दोन्ही प्लग काढले, दाबाचं घड्याळ बसवलं, सुन्नाला रेस दाबून धरायला लावली आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. डावा सिलिंडर ठणठणीत. उजवा मात्र बराच खाली. उजव्यात थोडं तेल सोडून पुन्हा ओढलं, तर काटा वर सरकला.

"म्हणजे वरून गळत नाही. पिस्टन आणि रिंगांच्या कडेने दाब निसटतोय," ती म्हणाली. धुराची नळी उतरवून तिने बॅटरीचा उजेड टाकला. पिस्टनवर उभे ओरखडे होते.

"बदलून टाक की मग," इस्सात म्हणाला.

"आणि उद्या डोंगरात हाही जळला म्हणजे? का जळला ते आधी कळू दे."

तिने उजव्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर खोलला. पेट्रोलच्या बारीक भोकात पांढरट काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढलं तर रेनडिअरचे केस, तुटके तुटके. पेट्रोल कमी, त्यात मिसळलेलं तेलही कमी. पिस्टन तापून घासणार नाही तर काय होणार!

"ही स्कूटर झाकतेस कशाने गं?"

सुन्नाने खाली पाहिलं. "कातड्याने."

"कुठल्या शहाण्याने सांगितलं तुला?"

"तूच, आत्या. दळभद्री ताडपत्री काय घालतेस म्हणालीस, रेनडिअरची ऊब घाल. कातडंही तूच दिलंस."

रावदनाने ते केस हातावर घेऊन उलटसुलट पाहिले. चांगलं कमावलेलं कातडं होतं ते, तिच्याच हातचं, आणि तरी जुनं झालं की केस झडणारच, पेट्रोल भरताना टाकीत पडणारच. एवढं तिला कळायला हवं होतं.

"माझी चूक," ती म्हणाली.

"काय? काय म्हणालीस? माझा कान जरा..." इस्सात हसू लागला.

"पुन्हा नाही म्हणणार. पाना दे इकडे."

पण नवा पिस्टन आणायचा कुठून? दुकान लांब, आणि निघायचं सकाळी. कोपऱ्यात रावदनाची स्वतःची स्कूटर होती, त्याच बनावटीची. दर वसंतात ती तिच्यावर बसून कळपामागून समुद्रापर्यंत जायची; गुडघा मोडल्यावर तेवढंच उरलं होतं तिला. ती तिकडे गेली आणि तिचं झाकण उघडायला लागली.

"आत्या, नको! तू कशी येणार मग?"

"मागून यायला मी कशाला हवी? पुढे जायला तू हवीस. रडू नकोस, तेलात पाणी पडेल."

पिस्टन, रिंगा बसल्या. सिलिंडरला फारशी इजा नव्हती. रावदनाने दोरी सुन्नाच्या हातात दिली. आता ती चांगली जड लागत होती.

सकाळी गाव काठावर जमलं. माणसाळलेली मादी दोरीने मागे बांधून सुन्नाने स्कूटर समोरच्या चढावर घातली, आणि सगळा कळप ओळीने तिच्यामागे गोठलेली नदी ओलांडून निघाला. चढ संपेपर्यंत रावदना कुबडीवर रेलून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत.

"मशीन झकास ओढतंय हं," हेआइका शेजारून म्हणाला.

"मशीन काय बघतोस मेल्या," रावदना म्हणाली, "पोरीकडे बघ!"