जयवंताबाईंची बंदी

बेसा भागातल्या रिकाम्या लेआउटवर, प्लॉट पाडून ठेवलेल्या मोकळ्या जागेत, जयवंताबाई गजभिये बायकांना स्कूटर शिकवत. नवरा गेल्यावर त्यांनी हेच काम धरलं. शिकणारी घाबरली की त्या मागून सीट धरून पळत, ओरडत, "समोर पाह्य वं, चाकाकडं नको!"

असंच पळताना एकदा दम लागला, छातीत फडफड झाली. मुलगा नागसेन त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन गेला. हृदयाची सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरचा डावा कप्पा फुगलाय. तो नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गाठ होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. रक्त पातळ करायची गोळी रोज घ्या, चुकवू नका. पडणं-लागणं मात्र सांभाळा, रक्त लवकर थांबणार नाही."

नागसेनच्या डोक्यात शेवटचंच वाक्य राहिलं. मिहानला कामावर जाताना तो आईची स्कूटर नेऊ लागला. सून प्रीतीनं विळी माळ्यावर टाकली. भाजी चिरायची नाही, जिना उतरायचा नाही. जयवंताबाई दिवसभर गॅलरीत बसून राहत.

"मले कैद केलं काहून रे बाबू?"

"आई, तू पडली तर रक्त थांबन का?"

म्हणजे सगळी बंदी या गोळीपायी, असं त्यांच्या मनानं घेतलं. गोळी नाही तर पडायची भीती नाही. त्यांनी ती गुपचूप बंद केली.

काही दिवसांनी चहा पिताना कप निसटला. उजवा हात उचलेना. प्रीतीला हाक मारायची होती, पण घशातून नुसती घरघर निघाली. सगळं समजत होतं, शब्द तेवढा बाहेर पडत नव्हता. प्रीतीनं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून तडक धंतोली गाठली.

वेळेत पोचल्या. हातात ताकद परतली, बोलणंही आलं, थोडं अडखळत. गोळी सोडल्याचं आणि का सोडली तेही त्यांनी स्वतःच सांगितलं.

डॉक्टरीणबाई नागसेनकडे वळल्या. "यांना घरात कोंडा असं मी कधी म्हटलं? चालू द्या, शिकवू द्या. पळणं आणि गाडी चालवणं तेवढं सध्या नको."

आता गोळी चुकत नाही. संध्याकाळी नागसेन त्यांना लेआउटवर नेतो, खुर्ची टाकून देतो. परवा एका मुलीची गाडी डगमगली. जयवंताबाई ताडकन उठल्या. नागसेननं दंड धरला. मुलगी आपली आपणच सावरली आणि पुढं निघून गेली.

"सोड ना आता," त्या म्हणाल्या.

त्यानं सोडला नाही.