माझा हलव्याचा हार

जाऊबाईंच्या हलव्याला काटा यायचा आणि माझ्या हलव्याला यायचा नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मी जबलपूरची एक अख्खी थंडी जळत काढली, आणि जबलपूरची थंडी काही लहान नसते.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले. फॅक्टरीच्या इस्टेटमधलं क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे अंगण. त्यात दीर, जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. दीर आणि माझे यजमान दोघेही फॅक्टरीत. डिसेंबरात लढाई लागली तशी खिडक्यांना काळे कागद लागले आणि घरातले पुरुष जवळजवळ दिसेनासे झाले. एक पाळी संपली की दुसरी. लढाई थांबली तरी ओव्हरटाइम काही थांबला नाही. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला, अंगाला तेलाचा वास घेऊन.

आमच्या यांचं काम तपासणीचं. तोफगोळ्याचं कवच तयार होऊन आलं की त्याच्यावरून बोट फिरवायचं आणि कुठे खरखर लागली तर तो नग बाजूला काढायचा. दिवसभर हेच करून ती सवय हाडात मुरलेली. घरी आले की पेल्याची कड, पाटाचा कोपरा, दाराची चौकट, दिसेल त्यावर बोट फिरवायचं. "खरखर आहे," म्हणायचे, आणि कानस घेऊन घासत बसायचे. बायकोकडे मात्र बघायला सवड नाही. मी पेला होऊन या घरात आले असते तर बरं झालं असतं, असं मला खूपदा वाटे.

दरवर्षी पोरांना 'बडे दिन की छुट्टी' लागली की इस्टेटच्या क्लबात मराठी मंडळाचं नाटक व्हायचं म्हणे. त्या वर्षी नायक, खलनायक आणि पडदा ओढणारा, तिघेही ओव्हरटाइमवर. मग क्लबाचा हॉल बायकांच्या ताब्यात आला. सतरंज्या अंथरून आम्ही जवानांसाठी हिरव्या लोकरीचे मोजे आणि मफलर विणत बसायचो. एका कोपऱ्यात पोरं मिलिटरी हॉस्पिटलातल्या जखमी जवानांना म्हणून दाखवायची गाणी घोकत. सगळ्यांत जास्त गर्दी असे ती जाऊबाईंच्या शेगडीभोवती, कारण त्या तिथेच परात मांडून हलवा करायच्या.

हलव्याची कला ज्याने पाहिली नाही त्याला वाटतं, साखरेचे दाणे, त्यात काय! कोळशाची मंद आच, परातीत भाजलेले तीळ, आणि त्यावर चमचा चमचा पाक. मग बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं कितीतरी दिवस. बोटं भाजतात, पाठ धरते, आणि इतकं करून हवा जरा दमट झाली की सगळं मुसळ केरात. पण जमलं तर तिळाच्या अंगावर पांढरेशुभ्र काटे फुटतात. जाऊबाईंच्या परातीत ते असे फुटायचे की शेजारची पंजाबी दीदीसुद्धा विणकाम टाकून बघायला यायची.

तो हलवा माझ्यासाठी चालला होता. माझी पहिली संक्रांत होती ना! नव्या नवरीने काळी साडी नेसायची, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे आणि हळदीकुंकू करायचं. आईने नागपूरहून काळी साडी पाठवलेली होती. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, सगळं जाऊबाई करणार होत्या. मी क्लबात पोचले की आधी परातीत डोकावायची. लग्नात सगळ्यांनी मला पाहिलं होतं खरं, पण तेव्हा माझी मान खाली होती आणि पापण्या जड होत्या. आता मला मान वर करून बघून घ्यायचं होतं, की हे माझ्याकडे बघतात का.

मीही एक परात घेतली. म्हटलं, आपल्या दागिन्यांत आपला हात असावा. जाऊबाईंच्या शेजारी बसून, त्यांच्याच पाकातून चमचा घेऊन, त्या हलवतील तशी हलवायची. त्यांच्या दाण्याला काटे, माझा दाणा गुळगुळीत.

"काहून गं, कणीक मळून राहिली का?" जाऊबाई म्हणायच्या. "हात हलका ठेव. बोटं नुसती फिरव."

मी हात हलका ठेवला. दाणा आणखी गुळगुळीत झाला.

"हळूहळू येईल हो," सगळ्या बायका म्हणायच्या. या वाक्याचा मला जितका राग येई तितका कशाचाच येत नसे. जाऊबाईंचं कौतुक करताना त्यांना 'हळूहळू' आठवायचं नाही. माझा हलवा दोऱ्यात ओवायलाही उपयोगाचा नव्हता. दागिना करताना दाण्याभोवती दोऱ्याची गाठ मारतात, ती काट्यात अडकते म्हणून दाणा टिकतो. माझे दाणे गाठीतून सटासट निसटायचे. जाऊबाईंनी ते एका डब्यात भरून ठेवले आणि म्हणाल्या, "खायला बरा आहे."

नाताळ सरला आणि मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सुचवलं की संक्रांतीला जखमी जवानांना तिळगूळ नेऊ या. रेशनची साखर, तरी घराघरातून वाटी वाटी आली. तिळाचा ढीग झाला. मीही खलबत्ता घेऊन गूळ कुटला, लाडू वळले, मोज्यांचे जोड बांधले. उगाच का सांगू, मी कामाला कधी मागे नव्हते.

मग एक दिवस अध्यक्षबाई हॉस्पिटलातून बातमी घेऊन आल्या. वॉर्डात एक आपला मराठी जवान आहे, वर्ध्याकडचा. डोळ्यांवर पट्टी आहे. त्याची बायको गावाहून येऊन सदर बाजारात एका खोलीत राहते आहे. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. "पोरीची पहिली संक्रांत, आणि ती हॉस्पिटलच्या बाकावर," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

जाऊबाई हार गुंफत होत्या. त्यांनी हातातला हार वर धरून पाहिला आणि म्हणाल्या, "दागिने तयारच आहेत. तिला घालू. चलो, वॉर्डाच्या व्हरांड्यातच हळदीकुंकू करू."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आजवर त्या माझ्याकडे कधी अशा एकदम वळल्या नव्हत्या. मी "हो, हो, दिलेच पाहिजेत," म्हणाले. मान कशी डोलली ती देव जाणे. पंजाबी दीदीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बड़ा दिल है तेरा." माझं दिल त्या वेळी खलबत्त्यात होतं.

घरी येताना जाऊबाई म्हणाल्या, "तुझे पुढच्या वर्षी करीन. याच्याहून भारी."

"चलेगा," मी म्हटलं. पुढच्या वर्षी का पहिली संक्रांत येणार होती?

सकाळी हे सायकल बाहेर काढत होते, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं, "अहो, माझे दागिने देऊन टाकले."

सायकल हातातून पडता पडता राहिली. "कायचे दागिने?"

"हलव्याचे."

"अच्छा!" म्हणाले, मोठा श्वास सोडला आणि पायडल मारून गेले. त्या 'अच्छा'वर मी पुढचे कितीतरी दिवस चरफडत होते.

संक्रांतीला निम्मं शहर नर्मदेच्या ग्वारीघाटावर स्नानाला निघालेलं होतं, आणि आम्ही बायकापोरं लाडवांचे डबे मांडीवर घेऊन फॅक्टरीच्या बसमधून हॉस्पिटलला. मी मुद्दाम निळी साडी नेसले होते. काळी ट्रंकेतच राहू दिली. दागिने नाहीत तर ती नेसून काय करायचं?

ती मुलगी व्हरांड्यात उभी होती. मी बसमधून उतरतानाच तिच्यात खोडी शोधायला लागले होते. नाक जरा बसकं निघालं, तेवढंच काय ते समाधान. बाकी पोरगी देखणी. नेसली होती काळी साडी, तीही माझ्या ट्रंकेतल्या साडीहून चांगली, चांदीची बुट्टी असलेली. जाऊबाईंनी तिला खुर्चीवर बसवून एकेक दागिना घातला. बिंदी, बाजूबंद, बांगड्या, आणि शेवटी हार. काळ्या साडीवर तो पांढरा काटेरी हार इतका शोभला की मला तिच्या गळ्यातून तो ओढून घ्यावासा वाटला. हे मी मनात म्हटलं आणि तोंडाने म्हटलं, "किती छान दिसते!"

नर्सने तिच्या नवऱ्याला हात धरून आणलं. त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. पट्टी नंतर सुटली आणि दोन्ही डोळे शाबूत निघाले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही त्याची कीव करत बसाल आणि माझं काही ऐकणार नाही.

पोरांनी गाणी म्हटली. तिळगूळ वाटला गेला. मग तो बायकोला म्हणाला, "मले पाहू दे."

ती लाजून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने चाचपडत तिच्या गळ्यातल्या हाराला हात लावला. एका टोकापासून निघाला आणि दाण्या-दाण्यावरून बोट नेत दुसऱ्या टोकाला गेला. घाई नाही, काही नाही. इतक्या बायकांसमोर आपण काय करतोय याचं त्याला भानही नव्हतं.

"काटा आला न बाप्पा," तो म्हणाला. "माह्या मायच्या हलव्याले असाच काटा राहे."

सगळ्या बायका रडल्या. अध्यक्षबाई रडल्या, जाऊबाई रडल्या. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. हार गेला याचं दुःख त्या घटकेला संपलं होतं. मला आता त्या बोटांचा हेवा वाटत होता. पट्टी बांधलेला माणूस बायकोला इतकं बघतो, आणि धडधाकट डोळ्यांच्या माणसाला घरात पेला तेवढा दिसतो! एवढी जळले मी आयुष्यात कधी नाही, ना आधी ना नंतर.

शेवटी त्या मुलीने आम्हांला हळदीकुंकू लावलं. हाराच्या टोकाचे चार दाणे तोडून माझ्या तळहातावर ठेवले. "ताई, गोड बोला," म्हणाली. मी दाणे तोंडात टाकले. काटा टाळूला टोचला. हलवा अर्थातच उत्तम होता.

दिवेलागणीला हे कामावरून आले. संक्रांतीची सुट्टी त्यांना नव्हती. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "तिळगूळ दे." मी तो डबा घेतला, माझ्या गुळगुळीत हलव्याचा, आणि त्यांच्यासमोर आदळला.

त्यांनी एक दाणा उचलला. तोंडात टाकला नाही. अंगठा आणि बोटात धरून फिरवला. दिव्याजवळ नेला. दुसरा घेतला, तो फिरवला. मग तिसरा.

"हे कोणी केलं?"

"मी. रिजेक्ट माल आहे."

"कोण म्हणते रिजेक्ट?" ते खरोखरच चिडले. "कुठंच खरखर नाही. एवढा साफ हात आमच्याकडे दोघा-तिघांचाच असेल. हा सगळाच्या सगळा पास होईल."

"अहो, हलव्याला खरखरच लागते!" मी ओरडले. "काटा लागतो, काटा! तो नाही आला, म्हणून तर नुसता डब्यात पडला!"

जाऊबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होत्या, ते मला ऐकू येत होतं. हे मात्र हसले नाहीत. दाण्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी मान वर केली. बोटं दाण्यावरच होती, पण बघत माझ्याकडे होते.

"आज संक्रांत न?" ते म्हणाले. "मग तू काळी साडी काहून नाही नेसली? पार्सल आलं तेव्हा इतकी दाखवत होती."

पार्सल आलं तेव्हा हे तिथे बसून कानस चालवत होते. मला वाटलं होतं, यांना ते पार्सल दिसलंसुद्धा नसेल. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि काळी साडी नेसून आले. गळ्यात काही नाही, हातात काही नाही. ते जेवता जेवता बघत होते. वाढताना माझ्या हातून भाजी सांडली.

पुढच्या वर्षी जाऊबाईंनी शब्द पाळला. खरोखरच त्या मुलीच्या हाराहून भारी हार केला. तरी सांगते, पहिली ती पहिली. तो हार माझा होता, माझ्या नावाने परातीत फुटला होता, आणि वर्ध्याकडचं कोणी भेटलं की आजही मला त्या बसक्या नाकाची आठवण येते. मी हार घालून अंगणात उभी राहिले. बायका यायच्या होत्या. हे फॅक्टरीत निघाले होते. सायकल भिंतीला टेकवून माझ्याजवळ आले, हाराच्या एका टोकाला बोट लावलं आणि दाण्या-दाण्यावरून नेत दुसऱ्या टोकाला गेले.

"खरखर आहे," म्हणाले. आणि मग जरा थांबून, "पास."