उभ्या गाडीचं भाडं

माझे बाबा मुलुंडमध्ये पालिकेची कचऱ्याची लॉरी चालवायचे. ती लॉरी भंगारात काढली आणि बाबांना चौकीतल्या बाकड्यावर बसवलं. नवी गाडी येणार नव्हती. वॉर्डातल्या साहेबांचं म्हणणं, गाड्या पाळायच्याच कशाला? कंत्राटदाराकडून भाड्याने घ्या. ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची, डोकेदुखी त्याची.

पाऊस ओसरल्यावर आमच्या गल्लीत कंत्राटदाराची हिरवीगार लॉरी आली. बाबांनी जवळ जाऊन दारावर थाप मारली. खिडकीची काच धपकन खाली बसली.

"माझी गाडी ती," बाबा म्हणाले. थाप मारली की काच पडायची, ही तिची जुनी खोड. लिलावात उचललेलं आमचंच भंगार, वर रंग फासून आम्हालाच भाड्याने!

मी तेव्हा पत्रकं काढायचो. 'आमचीच गाडी, आम्हालाच भाड्याने' असं ठळक छापलं आणि बाबांना घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेलो. साहेबांनी पत्रकावर चहाचा कप ठेवला आणि मला करार समजावला: गाडी चालो की उभी राहो, भाडं चालूच. शेजारी कंत्राटदार बसला होता. बाबांकडे बघून हसला. "काका, एवढा जीव आहे गाडीवर, तर या ना धुवायला."

मी ते 'धुवायला' चघळत राहिलो. गाड्या धुऊन पुजायची खंडेनवमी जवळ आली होती.

त्या लॉरीचा ड्रायव्हर आमच्या मालवणकडचा. शेठच्या शिव्या खाऊन कावलेला. खंडेनवमीला त्याने गच्च भरलेली लॉरी कंत्राटदाराच्या घराच्या फाटकाला आडवी लावली आणि चावी बाबांना दिली. "काकानू, पूजा तुमीच करा."

बाबांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकापुढे नारळ फोडला. आता दसरा होईपर्यंत तिला कोण हलवतो? पुजलेलं हत्यार उचलत नाहीत, हे पोरासोरांनाही माहीत.

कंत्राटदार धावत बाहेर आला. "अरे, हटवा रे हे!"

"पूजेक लावलेली गाडी, शेठ," ड्रायव्हर म्हणाला. "हात कोण लावतलो?"

शेठने आपले बाकीचे ड्रायव्हर बोलावले. ते आले, गाडीला नमस्कार केला, गेले.

"टेन्शन कशाला, शेठ?" मी म्हटलं. "उभी असली तरी भाडं चालूच ना?"

ऑक्टोबरचं ऊन. दसऱ्याला कचऱ्याचं काळं पाणी शेठच्या रांगोळीत उतरलं. सोनं द्यायला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून कोपऱ्यावरूनच परत फिरले. मला कीव आली नाही. समोरच्या टपरीवर बसून मी पोटभर बघून घेतलं.

संध्याकाळी दसरा आटोपला, तरी एकही ड्रायव्हर फिरकेना. चावी बाबांच्या खिशात. शेवटी कंत्राटदार हात जोडून आला. "काका, तुमचीच गाडी आहे, तुम्हीच काढा."

"कुणाची?" मी विचारलं. "जोरात बोल ना!"

"तुमची," तो म्हणाला. सगळ्या गल्लीने ऐकलं.

बाबांनी दारावर थाप मारली. काच पडली. ते वर चढले आणि गाडी डम्पिंगला रिकामी करून आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकडं. करार तसाच, भाडं तसंच. चौकीतल्या फळ्यावर कुठल्याच गाडीपुढे बाबांचं नाव अजून लागलेलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला साहेबांचं फाटक.