करिश्मा मॅडमले जे माहीत नव्हतं

करिश्मा मडावीचं नाव निघालं का अजूनही माझा जीव जळते. खोटं काऊन बोलू?

ती माजरीची. बाप बिरजू कोळशाच्या खाणीत कामाले, राहाले कंपनीचं क्वार्टर, घरात नळ. मी गडचिरोलीच्या पार आतल्या जंगलातली सोमारी. दोघी गोंडाच्याच पोरी, पण ती चंद्रपूरले कॉलेजात गेली, तिथून नागपूर, मंग पार चेन्नई. साथीच्या रोगांवर पीएचडी केली. कुठी काविळीची साथ आली तर विहीर न विहीर पालथी घातली, कुठी डेंगूच्या मागं लागली. आन् मी? अठरा वर्षं झाली, आरोग्य केंद्रात मायक्रोस्कोपले डोळा लावून बसली हावो. मलेरियाचा जंतू मी झोपेतही ओळखीन. पण पेपरात फोटो कोणाचा? मॅडमचा!

दोन वर्षांआधी ती आमच्याच केंद्रात संशोधनाले आली. कोडं असं होतं का घरोघरी फवारणी झाली, मच्छरदाण्या वाटल्या, माणसांचा मलेरिया उतरला, पण तरण्या बायांचा उतरेच ना. काऊन, ते तिले शोधाचं होतं.

मेहनतीले मात्र नाव ठेवता येत नाई. नाल्यातून चप्पल हातात घेऊन जाये. दारावर नंबर टाकलेल्या प्रत्येक घरात बसे, कोण कुठी झोपते ते विचारे. लिहाले संगं पवन नावाचा पोरगा. माझी सख्खी वहिनी, सोमारीले कधी पाणी विचारत नाई, तिनं या बाईसाठी कोंबडं कापलं!

पोळ्याच्या आठवड्यात ती माझ्या टेबलाजवळ आली. चेहरा उतरलेला.

"सोमारीबाई, बाया तर म्हणतेत आम्ही घरातच झोपतो, मच्छरदाणीतच झोपतो. मंग डास चावते कुठी? तुमाले काई सुचते काय?"

मले तेव्हाच सुचलं. कुर्मा! आमच्याकडं पाळीचे चार-पाच दिवस बाईनं गावाबाहेरच्या झोपडीत राहाचं, तो कुर्मा. त्याच्या दारावर नंबर नाई, कारण त्याले घर कोणी म्हणतच नाई. फवारणीवाले गडी, ते तिकडं फिरकत नाईत. मच्छरदाणी तिथी नेली तर विटाळ, म्हणून ती घरीच. आन् पवनसारख्या पोराच्या समोर कोणती बाई कुर्म्याचं नाव काढन? मॅडम क्वार्टरमध्ये वाढली, तिले काय माहीत! मी तेराव्या वर्षापासून तिथी डास मारले.

तोंडापर्यंत आलं होतं. मंग मनात म्हटलं, एवढी शिकली ना, शोध तूच.

"मले काय माहीत मॅडम? मी त स्लाइडा पाहाणारी बाई."

बरं वाटलं. लय बरं वाटलं.

पोळा गेला, दसरा गेला. स्लाइडा येत राह्यल्या. कुंता, वय बावीस. रीता, वय एकोणीस. जंतू दिसला का मले समजे, ही कुर्म्यातून आली. उद्या सांगतो म्हणून मी रोज ठरवे. तेवढ्यात मॅडमले दिल्लीचा फोन येये, सरपंच हार घेऊन येये, का माझं तोंड पुन्हा बंद. तेवीस बाया झाल्या. तेवीस स्लाइडा मीच पाह्यल्या.

दिवाळीच्या दोन दिवस आधी भावानं खाटेवर दिव्याले आणलं. माझी भाची, चौदा वर्षांची. कुर्म्यातून सरळ आणली होती, तापानं झटके येत होते. तिची स्लाइड पाह्यली, जंतूच जंतू. मी तशीच पळत मॅडमकडं गेली. "कुर्मा पाहा मॅडम, कुर्मा!"

मॅडमनं स्वतःच्या गाडीत घालून पोरीले गडचिरोलीले नेलं. पोरगी वाचली. मंग पवनले घरी ठेवून ती बायांच्या संगं कुर्म्या-कुर्म्यात बसली. म्हाताऱ्यांले राजी केलं, तिथी मच्छरदाण्या टांगल्या, फवारणी बायांच्याच हातून करून घेतली. पुढच्या पावसाळ्यात तरण्या बायांच्या जंतूवाल्या स्लाइडा अर्ध्याही आल्या नाईत.

या शोधाचा पेपर लिहाच्या आधी तिनं मले बसवलं. "सोमारीबाई, तुमचं नाव माझ्या खालोखाल टाकतो. फक्त हे तुमाले केव्हा ध्यानात आलं ते सांगा. तारीख लागते."

"दिव्या आली ना, त्याच दिवशी," मी म्हटलं.

तिनं तीच तारीख लिहली. शंकाही घेतली नाई मेलीनं. तिचं हेच मले खपत नाई. एवढी चांगली कायले राहाचं? आता दुनियाभरचे डॉक्टर माझं नाव वाचतेत आन् त्याच्यासमोर ती खोटी तारीख वाचतेत.

त्या तापापासून दिव्याले डाव्या कानानं ऐकू येत नाई. मी त्याईच्या घरी गेली का वहिनी मोठ्यानं ओरडून तिले सांगते, आत्यानं वाचवलं तुले, पाया पड. आन् ती पोरगी पडते.