तिसरी पिन

कुठे कार्यक्रमाची तयारी चालू असली आणि माइकवर कोणी ‘हॅलो, हॅलो’ करू लागले, की आजही माझी नजर आधी वायरच्या टोकाकडे जाते. प्लगला पिना किती आहेत ते मी मोजतो. दोनच दिसल्या तर तिथल्या माणसाला हाक मारून विचारतो. लोक हसतात. ही सवय मला आष्टी तालुक्यातल्या एका प्रकरणाने लावली.

मी लेखक नाही. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो आणि मग बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही साठीला टेकल्यावर. आयुष्यभर पंचनामे लिहिले. पंचनाम्यात मनातले लिहायचे नसते. इथे ते लिहायचे आहे, म्हणून हात अडखळतो. या प्रकरणात माझ्याकडून जे झाले तेही लिहावे लागेल. नाव मात्र कोणाचे लिहीत नाही.

जयंतीचे दिवस होते. एका गावातल्या बुद्धविहारासमोर संध्याकाळी भीमगीतांचा कार्यक्रम होता. दुपारी चारच्या सुमारास ठाण्यात फोन आला की गाणाऱ्या पार्टीतला माणूस स्टेजवर पडला. मी आणि हवालदार पोहोचलो तेव्हा तो माणूस संपलेला होता. पार्टी त्याची स्वतःची होती. तो बेस गिटार वाजवायचा आणि त्याची बायको गायची. वय चाळिशीतले. टेस्टिंग करताना गिटारच्या तारांवर हात ठेवून तो माइककडे वाकला आणि जागेवरच कोसळला. हार्ट अटॅक आला, असे सगळे म्हणत होते. हवालदाराने मला बाजूला घेतले.

“सायेब, व्हट बघा. आन् डाव्या हाताची बोटं बघा.”

ओठावर आणि बोटांवर जळाल्याच्या खुणा होत्या.

अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. गिटार ज्याला जोडलेली होती तो अॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर मुद्देमालात घेतला. दोन्ही इतके जुने की मला आधी भंगारच वाटले. अॅम्प्लिफायर लोखंडी पेटीत बसवलेला होता आणि आत काचेचे व्हॉल्व्ह होते. स्पीकरची लाकडी पेटी माझ्या कमरेपर्यंत उंच होती आणि तिच्या तोंडावर विटलेले करडे कापड ताणलेले होते. उचलायला चार माणसे लागली. पंचनाम्यात हवालदाराने लिहिले, ‘प्लगला दोन पिना.’ तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही.

आठवड्याभराने विद्युत निरीक्षकाचा अहवाल आला. अॅम्प्लिफायरच्या आतले जुने इन्सुलेशन गळून लोखंडी सांगाड्यात करंट उतरला होता आणि तिथून गिटारच्या तारांत आला होता; ओठ माइकला टेकताच तो माणसाच्या अंगातून गेला. प्लग नवा होता, तीन पिनांचा. त्याची अर्थिंगची जाड पिन कोणीतरी मुद्दाम उपटून काढली होती. ती जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि माणूस वाचला असता.

‘मुद्दाम’ या शब्दाखाली मी लाल रेघ मारली.

दुसऱ्याच दिवशी मयताचा मोठा भाऊ ठाण्यात आला. त्याने नाव सांगितले ते गावातल्या रेडिओ मिस्त्रीचे.

“दोन दिस आधी त्यानंच पेटी उघडली व्हती सायेब. वर्सानुवर्सं तिच्यावर डोळा हाय त्याचा. माझ्या भावाला म्हनायचा, इकायची झाली तर पयलं मला सांग. आन् त्याच हप्त्यात मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पुन्याच्या एका मानसासंगं बसल्याला आमच्या पावन्यानं बघितलाय. त्यो मानूस अशा जुन्या पेट्या घेत हिंडतो.”

धागा सरळ दिसत होता. मालक पेटी विकत नाही, मालक गेला तर बायको विकेल. पेटी मिस्त्रीने उघडली, प्लगही त्यानेच बसवला. आम्ही त्याला उचलले.

पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. झडतीत पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह निघाले. पुण्याच्या माणसाकडून हेच आणायला गेलतो, म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही.

“एवढं काय आहे रे त्या भंगारात?” मी विचारले.

त्या एका प्रश्नाला तो खुलला. कोठडीतला माणूस असा खुलताना मी फार पाहिले नव्हते.

“भंगार नगा म्हनू सायेब. आताच्या पेट्या हलक्या, एका हातानं उचलत्यात. आवाज बी तसलाच, कानापाशी येतो आन् तितंच मरतो. ही पेटी वाजली का आवाज जिमिनीतून येतो. आदी पायाला कळतो, मग छातीला, कानाला सगळ्यात शेवटी. व्हॉल्व्ह गरम व्हायला अर्धा मिनिट लागतो. त्येवढा येळ समदी पार्टी गप उभी ऱ्हाती. मग लाल उजेड पडतो आत. मुंबईच्या कुठल्यातरी हाटेलातून आल्याली पेटी हाय ती. त्यो सोताच्या लेकरावानी जपायचा.”

“आणि तू तीच घ्यायला टपला होतास.”

“टपलो न्हाई. पन ती दुसऱ्याला गेली असती तर जीव तुटला असता, हे खरं हाय.”

“मग पिन कोणी काढली?”

 मी मुद्देमालातला प्लग त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने तो हातात घेतला, चष्म्याजवळ नेला, अंगठा फिरवला. मग परत ठेवला. त्याचा चेहरा उतरला, हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

“पिन म्या बशिवली,” तो म्हणाला. “आदी दोन पिनांचा जुना प्लग व्हता, त्यो बदलून तीनचा टाकला. काढली कुनी त्ये मला इचारू नगा.”

“म्हणजे तुला माहीत आहे.”

“मला म्हाईत न्हाई.”

“मग विचारू नको का म्हणतोस बे?”

तो बोलला नाही. मी त्याला मारले. दोनदा. चष्मा खाली पडला, काडीची तार सुटली. स्टेशन डायरीत ही नोंद नाही, म्हणून इथे करतो. तीन दिवस तो तेच बोलत राहिला, पिन म्या बशिवली. बाकी गप्प. गप्प बसणारा आरोपी गुन्हेगार असतो, असे मी पंचवीस वर्षे धरून चाललो होतो. न्यायालयासमोर उभे करून कोठडी वाढवून घेतली. खुनाचे कलम लावायचे ठरत होते. त्याची बायको रोज ठाण्याच्या लिंबाखाली डबा घेऊन बसायची आणि भरलेला डबा परत न्यायची. तो जेवत नव्हता.

प्रकरण उलगडले ते ठाण्याच्या चहामुळे. सकाळी चहावाला स्टोव्हवरून पातेले उतरवत होता. त्याच्या सांडशीचे दात पातेल्याच्या काठावर दाबले गेले आणि काठावर बारीक, समांतर रेघा उमटल्या. तशाच रेघा मी कुठेतरी पाहिल्या होत्या. मुद्देमालाची खोली उघडून प्लग बाहेर काढला. काळ्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी तशाच रेघा होत्या.

ज्याच्या पिशवीत कटर, पक्कड, चार तऱ्हेचे पेचकस आहेत, तो पिन स्क्रू फिरवून काढेल. सांडशीने हिसडे मारून उपटणार नाही. ते काम घरातले होते. मिस्त्रीच्या अंगठ्याला हे पहिल्याच दिवशी कळले होते.

मी मयताच्या घरी गेलो. हवालदार बरोबर होता. पिनेची गोष्ट आम्ही अजून ठाण्याबाहेर फोडली नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली हार्मोनियमची पेटी. त्याच्या बायकोने नको म्हणत असताना चहा ठेवला. उतरवताना सांडशी वापरली. मी तिकडे बघत राहिलो. मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले.

“ताई, त्या अॅम्प्लिफायरच्या वायरला एक जाड पिन होती...”

“ती पितळंची? मीच काढली की. थांबा.”

तिने हार्मोनियमची पेटी उघडली. सुट्या पट्ट्या, सुया, मेणाचा तुकडा, आणि त्यात ती पिन. पितळ टाकून कसे द्यायचे, म्हणून ठेवली होती.

“मिस्त्रीभाऊनं ती बशिवल्यापासनं पेटी घुं करायली व्हती. आदी कदी न्हवती करत. त्या दिशी सकाळी घरी लावून बघितली तर यांचा मोठा भाऊ हासला, म्हनला बेस हाय का भुंगा हाय! ह्यांचं तोंड येवढुसं झालं. म्हनले, पेटी म्हातारी झाली, आता इकावी लागती. मला लई वाईट वाटलं. मांडववाले, लायटिंगवाले समदेच काढत्यात जाड पिन, आमी बघतोच की. ह्ये आंगुळीला गेल्यावर काढली. मग बघा, कसा साफ आवाज! ह्ये खूश झाले. म्हनले, पेटीला परत जवानी आली. मी काय बोलले न्हाई.”

ती थोडी हसली. मेल्या नवऱ्याची खुशी आठवून बायको हसते तसे.

“कावून इचारता सायेब?”

हवालदार उठून दाराबाहेर गेला. मी बसून राहिलो. तिकडे कोठडीत एक माणूस ही गोष्ट दाबून उपाशी बसला होता. मी जबाब घेतला नाही तर त्याच्यावरचे कलम उतरणार नव्हते. घेतला तर या बाईच्या हाती काय पडणार होते, ते मला दिसत होते. कागद काढला. ती बोलली तसे लिहिले, एकही शब्द माझा घातला नाही.

जबाब लिहिल्यावर तो वाचून दाखवायचा असतो. हजारो वेळा केलेले काम. ‘सदर पिन मी स्वतः सांडशीने काढली,’ हे मी तिच्याकडे न बघता वाचले. तिने माझ्याकडे पाहिले. मग पिनेकडे. पुन्हा माझ्याकडे.

“त्यामुळंच गेले व्हय ह्ये?”

मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. एक शब्द होता. मी गप्प बसलो, आणि माझे गप्प बसणे तिला बरोबर समजले. ती ओरडली नाही. चुलीजवळ गेली, सांडशी उचलली आणि पदरात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसली. शेजारच्या बाया येईपर्यंत आम्ही हललो नाही.

पुढच्या आठवड्यात मी हवालदाराला घेऊन तालुक्यातल्या मांडववाल्यांकडे, बँडवाल्यांकडे फिरलो. जाड पिन जागेवर असलेला प्लग क्वचितच मिळाला. कोणी कापली होती, कोणी उपटली होती. “घुं करती सायेब,” सगळ्यांचे एकच उत्तर. हे सगळे अहवालात जोडले आणि कोणाचाही दुष्ट हेतू नाही, अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष पाठवला. वरिष्ठांनी तो मान्य केला. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मिस्त्री सुटला.

सुटताना मी त्याची माफी मागितली. त्याने तुटका चष्मा खिशात ठेवला.

“माझं काय सायेब. वहिनीचं नाव कागदावर याया नको व्हतं.”

“मग तू जन्मभर आत बसला असतास.”

“बसलो असतो. पन असल्या जुन्या पेटीला तिसरी पिन लावली का घुं करती, ह्ये मला म्हाईत व्हतं. ती कावून ऱ्हाऊ द्यायची, येवढं एक वाक्य त्यांना सांगाया पायजे व्हतं म्या. पैल्यांदा इसरलो त्यो मीच.”

नोकरीत मी माणसांना बोलते करायला शिकलो, बढत्याही त्यावरच मिळाल्या. पण गप्प बसलेला माणूस कोणाला तरी पाठीशी घालत असेल, हे मला कोणी शिकवले नव्हते. त्यानंतर माझ्यासमोर कोणी गप्प बसला की मी हात मागे घेई आणि चहा सांगे. उशिराच शिकलो. माझी चारच वर्षे उरली होती.

मुद्देमाल परत करण्याचा आदेश यायला बरेच महिने गेले. मयताची बायको पेटी न्यायला आली तेव्हा बरोबर मिस्त्री होता. सकाळचे अकरा वाजले असतील. चालू स्थितीत दिली असे लिहून द्यायचे म्हणून पेटी ठाण्याच्या आवारातच लावायची ठरली. मिस्त्रीने आधीच्या तारखेला येऊन आतले इन्सुलेशन बदलून दिले होते, नवा प्लगही बसवला होता. तीन पिनांचा. त्याने बटण दाबले. अर्धा मिनिट काही झाले नाही. आम्ही सगळे उगाच गप्प उभे होतो. मग आत लाल उजेड पडला, आणि पायाखालच्या फरशीतून तो आवाज आला. घुं. बारीक, सारखा.

हवालदार सहज बोलून गेला, “मिस्त्री, ही घुं काढता येत न्हाई का?”

मिस्त्री खाली बघू लागला. ती पुढे झाली, स्पीकरच्या करड्या कापडावर तिने तळहात ठेवला, आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला.

“न्हाई,” ती म्हणाली. “घुं ऱ्हाऊ द्या.”